बात्माच्या गोधडीतलं निळं कापड

बाळांनो, जरा हात पुढे करा बघू. तळवा वर. आता असं समजा की त्या तळव्यावर कुणीतरी कापडाचा तुकडा ठेवलाय. तळव्याएवढाच. तो कात्रीनं कापलेला नाही, हातानं फाडलेला आहे, म्हणून कडेचे दोरे लोंबतायत. गावात नव्वदीची म्हातारी वारली. पणतवंडं बघून, शेवटपर्यंत आपल्या पायांनी अंगणात फिरून गेली. तिच्या घरची माणसं कोरं कापड फाडतात आणि मातीला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर एकेक तुकडा ठेवतात. त्याला म्हणायचं जिर्तिश. तुम्ही तो मुठीत धरून घरी आणता, ट्रंकेत जपून ठेवता, पुढे नातवाच्या टोपीला नाहीतर सुनेच्या गोधडीला लावता. म्हातारीचं आयुष्य त्या घरात यावं म्हणून.

आता असं समजा की जे माणूस गेलं ते म्हातारं नव्हतं, तरी कुणीतरी तुमच्या हातावर तुकडा ठेवलाच. तुम्ही मूठ मिटाल का?

लगेच उत्तर देऊ नका. हात तसाच राहू द्या आणि सेयदेचं काय झालं ते ऐका.

नौरुज, म्हणजे वसंतातला नव्या वर्षाचा सण, होऊन गेला होता, तरी हिवाळा डोंगरावर परत चढायला तयार नव्हता. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी नवा बर्फ. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि गवताची गंजी माणसाच्या कमरेइतकी उरली होती. सेयदे दुधाची किटली शालीखाली धरून गावाच्या नदीकडच्या टोकाला निघाली. तिथे एक बुटकी खोली होती. पूर्वी त्यात कोकरं बांधत. आता तिथे बात्मा राहत होती.

दोघी खिंडीपलीकडच्या एकाच गावच्या. एकाच शरद ऋतूत लग्न होऊन इकडे आल्या. सेयदे सागिनच्या घरी, बात्मा तिलेकच्या. मग बात्माला क्षय झाला आणि शहरातल्या इस्पितळात तिचं वर्ष गेलं. त्या वर्षात तिलेक तिला भेटायला म्हणून मांस आणि लोणी घेऊन निघाला आणि खिंडीतल्या बर्फावरून त्याची गाडी दरीत गेली. बात्माला ते वॉर्डात कळलं. माती होऊन गेल्यावर. ती परत आली तेव्हा सासूनं, आमच्याकडे सासूला एने म्हणतात, तिला मोठ्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

"उठ. दूध गरम आहे तोवर पी," सेयदे म्हणाली.

बात्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर इस्पितळाची करडी घोंगडी. लग्नात आणलेली तिची गाद्या-गोधड्यांची चळत सासूनं केव्हाच अंगणात घालून जाळली होती.

"ठेव तिथं."

"ठेवलं की साय धरते. मग म्हणशील, साय नको."

सेयदेनं खिडकीकडे बघितलं. कागदाच्या पुड्या होत्या तशा ओळीनं पडल्या होत्या.

"कालची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"बरं. मग पुडी आपोआप मिटली वाटतं."

बात्मा भिंतीकडे आणखी सरकली. घोंगडीतून तिचा खांदा वर आला होता. धार लावायच्या दगडासारखा, नुसता हाडाचा.

"नर्सबाईनं काय सांगितलं होतं? आता तुझं कुणाला लागायचं नाही. पण गोळ्या मध्येच सोडल्यास तर दुखणं परत येईल, आणि परत आलं की गोळ्यांना जुमानणार नाही."

"येऊ दे की."

"आणि जिबेक?"

"ती आजीजवळ बरी आहे. तिला माझं तोंडसुद्धा आठवत नसेल."

"सहा वर्षांची पोर आईचं तोंड विसरते होय?"

"एने तिला माझ्या वाऱ्याला उभी करत नाही. काल नदीवर आल्या होत्या दोघी. मी दारातून बघितलं. एनेनं तिचं डोकं शालीत घेतलं आणि पाठ फिरवली." बात्मा खोकली. खोकला आता कोरडा होता, जुना. "आता कुणासाठी गिळू त्या गोळ्या?"

सेयदेनं तिला धरून बसतं केलं आणि पेला तोंडाला लावला. बात्मानं दोन घोट घेतले आणि पेला स्वतःच लांब सारला, सेयदेचा हात लागू नये असा.

परत येताना पाण्यावर बायका भेटल्या. त्यांत बात्माची सासू जुमाश एने होती. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेली. सेयदेच्या हातातली रिकामी किटली बघून ती मोठ्यानं म्हणाली, "झाला का पाहुणचार?"

"एने, जिबेकला एकदा तरी तिच्याकडे पाठवा. गोळ्या टाकून दिल्यात तिनं. पोरीला बघितलं तर घेईल."

"माझा पोरगा घेतला. आता पोरगी पण देऊ?" म्हातारीनं बादली आपटली. "नर्स म्हणते बरी झाली. गावात कोण म्हणतंय? एक घर तिच्या हातचा चहा पितंय का? सात घरांना ती आपली वाटू दे, सात घरांचा हात तिच्या अंगाला लागू दे. मग मी माझ्या हातानं नात आणून सोडीन."

बायका पाण्याकडे बघत राहिल्या. म्हातारीनं ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण चार जणींनी ऐकलं होतं, आणि सेयदेनं ते शब्द तसेच उचलून घरी नेले.

"सात घरांचे तुकडे मागते," तिनं सासूला सांगितलं. "कुराक शिवते. सात घरांनी कापड दिलं की सात घरांचा हात लागलाच की नाही?"

कुराक म्हणजे आपली ठिगळांची गोधडी. लहान मूल दगावता दगावता वाचलं, की आमच्याकडे घरोघर फिरून तुकडे मागतात आणि त्याला सदरा शिवतात. सगळ्या घरांनी मिळून धरून ठेवावं म्हणून.

कालिपा एने, म्हणजे सेयदेची सासू, चुलीशी एका अशक्त कोकराला मांडीवर घेऊन चोळत बसली होती. "ते पोराला करतात. बाईला कोणी केलेलं मी बघितलं नाही."

"पोरासारखीच झालीये ती. उचलली तर कोकराएवढी भरेल."

"दुखणेकऱ्याला तुकडा द्यायला बायका घाबरतील हो."

"देतील."

"तुला काय, तू नांगराला जुंपलेल्या बैलासारखी. निघालीस की निघालीस," म्हातारी म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

नाही म्हणाला तो सागिन. तो गोठ्यातून आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. मेंढी गेली होती, कोकरू आडवं आलेलं. तो कोपऱ्यात बसला आणि हात तसेच गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "शरदातली लोकर कुठं काढतेस?"

"गोधडीत भरायला."

"ती घोंगड्यांसाठी ठेवलीये. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर गेल्यावर अंगावर काय घेणार? चिंध्या?"

"वसंतातली लोकर आहे ना घोंगड्यांना."

"वसंतातली लोकर टोचते."

"म्हणूनच बात्माला ती नको."

सागिननं तिच्याकडे बघितलं. "घरात कोकरं मरतायत आणि तू दुसऱ्याच्या घरात शिवण घेऊन बसतेस."

"कोकरं मी शिवत बसले नाही तरी मरतील," सेयदे म्हणाली. मग तिनं पाणी तापवून त्याच्या हातांवर ओतलं. पाणी लाल होऊन परातीत साचलं.

तीन-चार दिवस ती कामं उरकून लोकर बडवत राहिली. अंगणातला बर्फ झाडायचा, त्यावर कातडं पसरायचं, कातड्यावर लोकर. मग दोन्ही हातांत विलोच्या झाडाच्या लवचिक छड्या घेऊन सपासप. एक छडी वर, एक खाली. लोकरीतली धूळ, काटे, वाळक्या लेंड्या उडत, केसांत बसत, दातांत करकरत. संध्याकाळी खांदे वर उचलत नसत, नान मळायला सासूला सांगावं लागे. पण लोकर फुलली. मुठीत घेतली तर मूठ भरे, सोडली तर हळूच वर येई.

तुकडे मिळवणं त्याहून कठीण गेलं.

गिरणीवाल्याच्या बायकोनं, उर्काशनं, दार अर्धंच उघडलं. "कुणासाठी?"

"बात्मासाठी."

"अगं बाई." तिनं आत जाऊन नवऱ्याच्या विजारीचं अस्तर आणलं. मळकट, पिठानं कडक झालेलं. दारातून टाकल्यासारखं दिलं. "धुऊन घे. आणि हे बघ, परत काही आणायचं नाही तिच्याकडून. तुकडा गेला तो गेला."

"तिच्याकडे आहे काय परत आणायला?"

"तेच म्हणते मी."

दुसऱ्या घरी खिडकीतून दिलं. तिसऱ्या घरी बाईनं आधी सुई मागितली. कापडाच्या बदल्यात लोखंड घरात आलं की दुखणं मागं येत नाही, असं तिच्या माहेरी मानत. सेयदेकडच्या दोन सुयांपैकी एक गेली. एका घरात कुत्रं सोडलं. पण त्या घरच्या सुनेनं मागून धावत येऊन झग्याचा एक पट्टा तिच्या हातात कोंबला. "सासूला सांगू नका," म्हणाली आणि पळाली. पाचवं घर शाळेतल्या राखणदाराचं. त्यानं झेंड्याचं जुनं लाल कापड दिलं. सहाव्या घरी बाई म्हणाली, "तिच्याबरोबर मी लग्नात नाचले होते गं." आणि रडली आणि बाहीचा तुकडा दिला. पण भेटायला येते का विचारल्यावर म्हणाली, "बघू, बर्फ कमी झाला की."

सहा घरं झाली. सातवं आपलंच. सेयदेनं ठिगळं चटईवर मांडून बघितली. तपकिरी, काळपट, मातीचा रंग, मधे थोडं विटकं लाल. बघून तिलाच वाईट वाटलं. हे अंगावर घातलं तर आजारी माणूस आणखी आजारी दिसेल.

"एने, आपल्या ट्रंकेतलं जिर्तिश द्याल?"

कालिपा एने बराच वेळ कोकराचं तोंड पुसत राहिली. गावातल्या किती म्हाताऱ्यांच्या मातीला ती गेली होती! ते तुकडे तिनं सेयदेला होणाऱ्या पोरांसाठी जपले होते, आणि ती पोरं अजून झाली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "वरच्या पुरचुंडीतलं घे. माझे हात बरबटलेत."

सेयदेनं ट्रंक उघडली. वरच्या पुरचुंडीत पांढरे, पिवळसर तुकडे होते. तिनं त्यातले घेतले. मग हात तसाच खाली गेला. तळाशी, लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली एक लहानशी घडी होती. तिनं गाठ सोडली. आत एकच तुकडा होता, गडद निळा, त्यावर पांढरे ठिपके. नवा कोरा. जसा काही कुणी आत्ताच पावसाळी आभाळातून फाडून काढला.

तिनं विचारायला हवं होतं. पण ओरडून विचारलं असतं तर म्हातारी कदाचित नाही म्हणाली असती, आणि तिला तो हवा होता. तिनं तो घेतला आणि गोधडीच्या बरोबर मध्यभागी लावला.

दोन दिवस ती खिडकीच्या उजेडात शिवत राहिली. त्रिकोणाला त्रिकोण, मग चौकोन, मग पट्टा. एका सुईवर सगळं. बोटाच्या टोकाला भोकं पडून चामडी निघाली. वरची बाजू जोडून झाली, खाली जाड कापड आलं, मधे लोकर पसरली, आणि ती धावदोरा घालायला बसली तेव्हा कालिपा एने दुधाची चरवी घेऊन आत आली. गोधडीकडे बघितलं आणि चरवी खाली ठेवली.

"हे कुठून काढलंस?"

"ट्रंकेतून."

"मी वरची पुरचुंडी म्हटलं होतं."

"खाली होतं. चांगलं दिसलं म्हणून..."

म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. "पोरी, हे तिलेकचं जिर्तिश आहे."

सेयदेची सुई थांबली.

"बत्तीस वर्षांच्या पोराचं जिर्तिश फाडतं का कुणी? सगळे नको नको म्हणत होते. पण जुमाशला त्या दिवशी काही ऐकू येत नव्हतं. स्वतः फाडत होती, स्वतः हातावर ठेवत होती. म्हणत होती, माझ्या पोराचं घ्या, माझ्या पोराचं घ्या. तिच्या तोंडावर कोण नाही म्हणेल? सगळ्यांनी घेतलं आणि घरी जाऊन चुलीत घातलं. मला जाळवेना. मी बांधून ठेवलं." तिनं निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "तरण्या मेल्याचं कापड, त्याच्याच आजारी बायकोच्या छातीवर. तू तिला पांघरूण शिवतेस की कफन?"

"उसवते."

"आत्ताच्या आत्ता उसव."

सेयदेनं उसवलं. दोरा दातांनी तोडला तेव्हा दातांखाली लोकर आली. गोधडीच्या मधोमध तळव्याएवढं भोक पडलं आणि त्यातून पांढरी लोकर दिसायला लागली, जखमेतून चरबी दिसते तशी.

"दुसरं लाव तिथं. पांढरं," कालिपा एने म्हणाली.

"नाही." सेयदे उठली. "तिथं त्यांच्या घरचं लागू दे. सात घरांत आपलं घर कशाला मोजायचं? बात्माचंच घर सातवं."

"जुमाश तुला कुत्र्यासारखी हाकलेल."

"कुत्र्यानंपण हाकललंय की."

जुमाश एनेच्या अंगणात जिबेक पालथ्या बादलीवर बसून एका पोरक्या कोकराला बाटलीतून दूध पाजत होती. पोरीच्या डोक्यावर बापाची मोठी टोपी होती. सेयदेनं तिच्या गालाला हात लावला तर ती हसली नाही, फक्त म्हणाली, "हळू. ते घाबरतं."

आत म्हातारी चुलीत गोवऱ्या घालत होती. सेयदेनं खाली बसून सगळं सांगितलं. कोणत्या घरानं काय दिलं, गोधडी किती झाली, कुठं जागा राहिली.

"एने, तुमच्या घरचा एक तुकडा द्या. जुना असू दे, फाटका असू दे."

"माझ्या घरी कापड नाही."

"चिंधी द्या."

"चिंधी पण नाही. मधलीच जागा बरी मोकळी राहिली गं?"

सेयदेला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण ती दमली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून निळा तुकडा काढला आणि तळव्यावर धरला. "हे लावलं होतं. चुकून. मला ठाऊक नव्हतं."

म्हातारीच्या हातातली गोवरी चुलीच्या तोंडाशीच राहिली. "कुणी ठेवलं हे?"

"माझ्या सासूनं."

"खोटं. सगळ्यांनी जाळलं. दुसऱ्या दिवशी उर्काशच्या राखेत मी ठिपके बघितले. अर्धवट जळलेले." ती थांबली. "आणि तू लावलंस, आणि मग काय केलंस?"

"उसवलं."

"का?"

सेयदे तुकड्याच्या कडेचे दोरे बोटानं सरळ करायला लागली.

"का, विचारते मी! माझ्या पोराचं विटाळलंय म्हणून? उसवायला कुणी सांगितलं? कालिपानं? ठेवणारी पण तीच आणि उसवणारी पण तीच!" म्हातारीनं तुकडा झडप घालून घेतला आणि मुठीत दाबला. "तिच्यापायी मेला तो. तिला लोणी न्यायला म्हणून मेला. आणि आता त्याचं कापड तिला बाधतं होय? बाधू दे! ऊठ इथून."

सेयदे उठली. बाहेर जिबेक दाराला पाठ लावून उभी होती, कोकरू छातीशी धरून. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सेयदेनं भोक पडलेली गोधडीच गुंडाळून पाठीवर घेतली. वाऱ्यानं ती शिडासारखी फुगत होती. बात्माच्या खोलीत नेऊन तिनं ती उलगडली.

बात्मानं बराच वेळ हात लावला नाही. मग एकेक ठिगळ बोटानं चाचपत गेली. "हे पिठाचं. उर्काश?"

"हो."

"तिनं दिलं?"

"दिलं. तोंड वाकडं करून. पण दिलं."

"आणि ही बाही?" बात्मा थोडी हसली. "ह्या बाहीनं लग्नात माझ्या तोंडाला काजळ फासलं होतं." मग तिचं बोट भोकाशी आलं. "हे काय?"

सेयदेनं आधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण बात्मा बघत होती, परत आल्यापासून पहिल्यांदा भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत होती. तिनं सांगितलं. निळं, ठिपक्याचं. कुणाचं ते.

बात्मा एकदम उठून बसली. "कुठंय?"

"एनेकडे."

"माझं आहे ते! मातीला आलेल्या बाईला मिळतं ना? मी का नव्हते? मी वॉर्डात होते. माझ्या वाटणीचं कुठं गेलं?" तिला खोकला आला. तिनं तोंड बाहीत दाबलं आणि खोकल्यातूनच म्हणाली, "उसवलंस का गं तू?"

तेवढ्यात दार लोटलं गेलं. दारात जुमाश एने उभी होती. पायाला घोट्याच्या वर बर्फ चिकटलेला. तिच्यामागे, तिचा झगा धरून, जिबेक. घरची सगळी माणसं मेंढ्यांकडे होती, पोरीला एकटीला टाकता आलं नव्हतं. निदान म्हातारीनं तसं म्हटलं.

"तू इथंच उभी राहा. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही," तिनं पोरीला सांगितलं.

"हो, हो, बाहेरच थांबव तिला," बात्मा घाईनं म्हणाली आणि शाल ओढून तोंडावर घेतली. नर्सबाईनं किती सांगितलं तरी ती भीती तिच्या अंगातून गेली नव्हती. शालीच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते आणि ते पोरीवरून हलत नव्हते.

म्हातारी पुढे आली. गोधडीपाशी उभी राहिली. सहा घरं तिनं नजरेनं ओळखली, एकेक करून. काही बोलली नाही.

"एने," बात्मा शालीतून म्हणाली, "ह्यांचं कापड तुमच्याकडे आहे म्हणे."

"आहे."

"मला द्या."

"बत्तिसाव्या वर्षीच्या मरणाचं आहे ते. अंगावर घेशील तर मरशील."

"सगळ्यांनी जाळलं. मी नाही जाळणार. मला द्या."

म्हातारीनं कमरेशी हात नेला. गावभर तिनं एकेकीच्या हातावर ठेवून ते वाटलं होतं. गावात मागून घेणारी कुणी निघाली नव्हती. निघाली ती ही.

ती धपकन खाली बसली. कमरेतून तुकडा काढला. रात्रभर मुठीत राहून तो चुरगळला होता. "हे कापड माझं नव्हतंच," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्यानं आणलं होतं. तू घरी येशील तेव्हा तुला झगा शिवायला. घरात कोरं तेवढंच होतं. मी तेच फाडलं. मुद्दाम फाडलं. तुला राहू नये म्हणून."

चुलीत गोवरी खचली. मग बात्मा इतकंच म्हणाली, "निळा मी सांगितला होता."

"सुई दे," म्हातारी सेयदेला म्हणाली.

"एने, ते लावलं तर..."

"तुला कुणी विचारलं? ओवून दे. मला नेढं दिसत नाही."

सेयदेनं ओवून दिली. म्हातारीनं निळा तुकडा भोकात बसवला आणि शिवायला लागली. तिचे टाके मोठे होते, वाकडे. चौथ्या बाजूला तिनं गाठ मारली, दोरा तोडला नाही. मग डोक्यावरचं पांढरं फडकं सोडलं. तिचं उघडं डोकं आजवर कुठल्या सुनेनं बघितलं नव्हतं. विरळ, पिवळट केस मानेवर पडले. तिनं दातांनी फडक्याची कड पकडली आणि फाडलं. जाड, जुनं, हजारदा धुतलेलं कापड. ते तिनं निळ्याच्या वर ठेवलं आणि तोच दोरा पुढे चालवला.

"खाली तो राहू दे," ती शिवता शिवता म्हणाली. "वरून माझं वय. चौऱ्याहत्तर. बघू कोण कुणाला ओढतं." मग मान वर न करता, "गोळी घेतलीस आज?"

"नाही."

"घे."

बात्मानं खिडकीकडे हात लांबवला. पुडी उघडली. तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी शोधायला लागली, पाण्याचा तांब्या दाराशी होता. सेयदे उठणार तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं.

जिबेक उंबऱ्यावर बसली होती. तिचे बूट बर्फानं भिजून काळे झाले होते. तिनं एक बूट ओढून काढला. मग दुसरा. मग पायमोजे. ते पायाला चिकटले होते म्हणून ओढताना ती थोडी मागे पडली. आजीनं "ए" म्हटलं. आईनं शाल आणखी घट्ट धरून "नको गं, नको" म्हटलं. पोरीनं दोघींकडे बघितलं नाही. लालबुंद अनवाणी पायांनी ती मातीच्या जमिनीवरून आत आली, वाटेतला तांब्या दोन्ही हातांनी उचलून आईच्या मांडीशी ठेवला, अर्धवट शिवलेल्या गोधडीची कड वर केली, आजी अजून त्याच गोधडीवर टाके घालत होती तरी, आणि आपले दोन्ही गार पाय आत सारून आईच्या पोटऱ्यांना टेकवले.